तुझ्या थांबलेल्या प्रार्थनेविषयी

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मी आता प्रार्थना करत नाही. आजीसाठी केली तेवढी पुरे झाली." त्याचं उत्तर फोनवर घाईघाईत द्यावंसं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसले. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर तू रात्र-रात्र डोळे मिटून बसायचास, ते मी पाहिलंय. तुला राग येणं साहजिक आहे. सांत्वनाला आलेल्यांनी "देवाची इच्छा" म्हणून विषय मिटवला, ते मलाही बोचलं होतं.

पण मागितलेलं मिळालं नाही म्हणजे प्रार्थना वाया गेली, हे आपल्याला शिकवलं कुणी? प्रभूने तर नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो जमिनीवर पडून म्हणाला, "अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर." एकदा नाही, शुभवर्तमानात मत्तय सांगतो तीनदा. जीव वाचावा असं त्याला खरंच वाटत होतं. पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना त्याने जवळ थांबून जागं राहायला सांगितलं, तर ते झोपी गेले. आणि प्याला काही दूर झाला नाही. सकाळी त्याला बांधून रोमी सुभेदार पिलाताकडे नेलं. देवाच्या पुत्राने मागितलं आणि त्याला ते मिळालं नाही. "तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" हे तो म्हणाला, पण आधी मनातलं सगळं बोलून मग म्हणाला. आपण लोक मधलं सगळं गाळून थेट त्या शेवटच्या वाक्यावर येतो, आणि दुसऱ्यालाही यायला लावतो.

उत्तम शुक्रवारची बारा ते तीनची उपासना तुला आठवत असेल. बाहेर नागपूरचं रणरणतं ऊन, आत कूलरची घरघर, आणि एकेक जण उठून प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलायचा. चौथा उद्गार आला की आजी कूलर बंद करायला लावायची. पदर घामाने भिजला तरी चालेल, पण ते वचन नीट ऐकू आलं पाहिजे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" मार्काने वधस्तंभावरचा हा एकच उद्गार लिहून ठेवलाय. दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला होता, आणि त्याच्या शेवटी हा मोठ्याने मारलेला टाहो.

काही जण म्हणतात की त्याला फक्त तसं वाटलं, देवाने त्याला खरं सोडलं नव्हतं. मला ते पटत नाही. आपल्या पापांचं ओझं घेऊन तो खरोखर त्या जागी गेला, जिथे माणसाला देव सापडत नाही. तू आज जिथे आहेस, तिथे तो तुझ्या आधी जाऊन आलाय. "माझ्या देवा" हे वाक्य पवित्र शास्त्रातल्या 22व्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे. स्वतःचे शब्द सुचू नयेत इतक्या वेदनेत त्याच्या तोंडी स्तोत्र आलं. तक्रार आहे, जाब विचारणं आहे, पण ते देवालाच, आणि "माझ्या देवा" म्हणून. लूक सांगतो तो शेवटचा उद्गार, "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो", तोही 31व्या स्तोत्रातलाच.

तू ज्या कॉलेजात शिकलास, त्याला ज्यांचं नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले. शाळा चालवली, इथल्या दगडांचा नि लोकांचा अभ्यास केला. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटहून घोड्यावर परतताना, पाणी चढलेला नाला ओलांडताना ते बुडाले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्यासाठी प्रार्थना करणारं कुणी नव्हतं का? यात देवाचा अमुक हेतू होता, असं कुणी मांडायला लागलं की मी उठून जाते. का, ते मला माहीत नाही. आजीचंही माहीत नाही.

तिचं बायबल आता माझ्याकडे आहे. त्यात बँकेच्या जुन्या स्लिपांच्या पाठीवर नावं लिहिलेली आहेत: शेजारचे, मंडळीतले, दूधवाल्याचा मुलगा. काहींपुढे "धन्यवाद" लिहिलंय, बऱ्याच नावांपुढे काहीच नाही. ती रिकामी नावंही रोज सकाळी घ्यायची, मी ऐकलंय. तुझं नाव चार ठिकाणी आहे.

तुला प्रार्थना होत नसेल तर ओढून-ताणून करू नकोस. तोवर तुझ्या वाटची मी करीन, बाबा करतील. जागं राहायला माणसं लागतात, प्रभूलाही ती लागलीच होती. फक्त देवाशी अबोला धरू नकोस. भांडायचं तर त्याच्याशीच भांड. 88वं स्तोत्र वाच, ते अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. मग 22वं वाच, पण पहिल्या वचनावर थांबू नकोस, 24व्या वचनापर्यंत जा, तिथे देवाने हाक ऐकली असं आहे.

उत्तम शुक्रवारी सुट्टी मिळाली तर ये. चौथ्या उद्गारावर या वर्षी कोण बोलणार हे अजून ठरलेलं नाही. पाळकसाहेबांनी मला विचारलंय, आणि मी बोलायचं म्हणतेय. तुला त्यात काही सांगावंसं वाटलं, रागाचं असलं तरी, तर आधी फोन कर. मुद्दे काढायला घेतलेत.

तुझी,
आई