ओव्हनवाल्या काकूंना जाहीर आभारपत्र

प्रिय काकू,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, काहीतरीच!" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

परवा बाबांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला कपकेक मीच केले, वरच्या आयसिंगसकट. दोघीतिघींनी लगेच रेसिपी मागितली. दिली. पण लिहून देताना वाटलं, ही तर कुठेही मिळेल. तुमच्याकडून मला मिळालं ते त्या कागदावर मावणारं नव्हतंच. "असं कर" एवढ्यावर तुम्ही कधी थांबला नाहीत, त्यामागचं कारण सांगितल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही.

तो दोन भांड्यांचा प्रयोग आठवतो? मफिनचं साहित्य तुम्ही दोन भांड्यांत सारखं वाटलंत. एकात कोरडं आणि ओलं जेमतेम एकत्र करायला लावलंत, बारीक गुठळ्या तशाच राहू दिल्यात. दुसऱ्यातलं व्हिस्कने गुळगुळीत होईपर्यंत घोटून घेतलंत. दिसायला अर्थातच दुसरं देखणं. भाजून झाल्यावर तुम्ही दोन्हींतलं एकेक मफिन उभं कापून ताटलीत शेजारी शेजारी ठेवलंत. गुठळ्यांचं आतून मऊ, भुसभुशीत. घोटलेल्याच्या पोटात मात्र खालून वर गेलेले लांबट बोगदे, आणि चावायला चिवट. ओला मैदा ढवळत राहिलं की त्यातलं ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, घट्ट होत जातं आणि मग आतला वायू वाट काढत वर निघतो, हे नुसतं वाचलं असतं तर आठवड्यात विसरले असते. ते बोगदे विसरणं शक्य नाही.

कपकेकचा मामला बराचसा उलटा, हेही तुमच्याकडूनच कळलं. तिथे लोणी आणि साखर फेटताना आळस चालत नाही, कारण साखरेचे दाणे लोण्यात हवा कोंडत जातात आणि पुढचा हलकेपणा त्या हवेवर उभा राहतो. लोणी १८ ते २० अंशांचं हवं, पण तुमचं थर्मामीटर म्हणजे बोट: दाबलं की खळगा पडावा, बोट आत घुसू नये. मैदा पडला की मात्र इथेही हात आवरायचा.

सोडा आणि बेकिंग पावडर यांतला गोंधळही तुम्हीच संपवलात. सोड्याला दही, ताक असं काहीतरी आंबट लागतं. पावडरमध्ये ते आंबट आधीच कोरड्या रूपात असतं. डबा जुना झाला असेल तर चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघायची, फसफसली नाही तर सरळ फेकायची. त्याच ओघात तुम्ही अल्फ्रेड बर्डची गोष्ट सांगितलीत. या इंग्रज औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हती, म्हणून त्याने १८४३ साली स्वतःची बेकिंग पावडर तयार केली. घरच्या माणसाला खाता यावं म्हणून एवढा खटाटोप! ही गोष्ट सांगताना तुमचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि आयसिंग. लोण्याच्या दुप्पट वजनाची आयसिंग शुगर, कपकेक पुरता गार झाल्याशिवाय आयसिंगच्या बॅगेला हात नाही, जेलचा रंग टूथपिकच्या टोकाने, आणि गडद रंग हवा असेल तर आदल्या दिवशीच कालवून ठेवायचा, कारण तो रात्रभरात चढतो. हे सगळं पाठ झालंय. पण मला खरे आभार मानायचेत ते तुमच्या हातांचे, जे तुम्ही पाठीमागे बांधून उभ्या राहायचात. बॅगेच्या टोकाचं माझं स्टार नोझल भलतीकडेच चाललेलं असायचं, तुमच्या ओठांवर शब्द येऊन थांबलेला दिसायचा, पण तुम्ही बॅग एकदाही हिसकावून घेतली नाहीत. फार तर "आधी दाब सोड, मग उचल" एवढंच. त्याने शेंडा नीट यायला लागला.

एक मात्र सांगून टाकते, आज जाहीरच बोलतेय तर. तुमच्या फॉन्डंटच्या, म्हणजे मळलेल्या साखरेच्या गोळ्याच्या, बाहुल्या मला नाही आवडत. दिसतात सुरेख, तुम्ही तासन्‌तास बसून करता, पण मुलं त्या उचलून बशीच्या कडेला ठेवतात आणि खालचा केक खातात. बटरक्रीमचं साधं फूल निदान पोटात तरी जातं.

पुढच्या महिन्यात भाचीचा वाढदिवस आहे. तिच्या एका मैत्रिणीला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून सगळेच कपकेक बिनअंड्याचे करायचं ठरवलंय. त्या एकटीला वेगळी बशी नको. दही आणि सोड्याचं प्रमाण मांडून ठेवलंय, पण तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय ओव्हन लावणार नाही. शनिवारी सकाळी येते. फॉन्डंटवरून काय रागवायचं ते तेव्हाच रागवून घ्या.

तुमची,
शेजारीण