विडी घरकुलात आलेल्या संशोधक ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रक्तक्षयाच्या अभ्यासातला मुलीचा रिपोर्ट तुम्ही घरी आणून समजावून सांगितलात, त्या दिवसापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. हिमोग्लोबिन ९.४. दहावीतल्या पोरीचं निदान १२ तरी हवं. जिना चढताना तिला दम लागायचा, वर्गात डोकं बाकावर टेकायची, आणि शिक्षक म्हणायचे आळशी आहे.

खरं तर ती तुमच्याशी बोलायलाच तयार नव्हती. मागे एका शिबिरात मुलींना रांगेत उभं करून बोटं टोचली, फोटो काढले आणि मंडळी निघून गेली. रक्तात काय निघालं, ते ना पोरींना कळलं ना आईबापांना. आठवलं की अजून संताप होतो.

तुम्ही आलात तेव्हा मी विड्या वळत होते. संमतीचा कागद माझ्यापुढे येणार म्हणून हात पुसले. पण तुम्ही तो तिच्यासमोर ठेवलात, आणि पेन टोपण लावून स्वतःच्याच हातात धरून बसलात. म्हणालात, "आधी सगळं वाच. नको वाटलं तर नाही म्हण. आज हो म्हणून उद्या नाही म्हणालीस, तरी तुझ्या औषधपाण्यात फरक पडणार नाही." किती वेळ ती विचारत होती! रक्त किती घेणार, नाव कुणाला कळेल का, पाळीबद्दल कशाला विचारता. आई इथे थांबली तर चालेल का, हेही तुम्ही तिलाच विचारलंत. मग तिने स्वतः हात पुढे करून पेन मागितलं. ते पेन मी विसरणार नाही.

माझी सही लागणारच होती. पण १२ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची लेखी संमतीही घ्यावी, असं आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, हे तुमच्याकडून कळलं. ती तर सगळ्यांसाठीच असतात ना?

देशात १५ ते १९ वयाच्या १०० मुलींत ५९ जणींना रक्तक्षय, असं २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत निघालं. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, तरी पोरी त्या का टाकून देतात, हे त्यांनाच विचारल्याशिवाय कसं कळणार? आणि धाक दाखवून विचारलं तर खरं कोण सांगेल? डॉ. कोटणीसांच्या या सोलापुरात तुमच्यासारखी सरळ माणसं अजून आहेत, याचा फार आनंद वाटतो.

गल्लीतल्या तिच्या मैत्रिणींनाही तुमच्या अभ्यासात नाव द्यायचंय. धाकटा भाऊ तेराचा आहे. मुलग्यांवरही असा अभ्यास निघाला तर त्यालाही येऊन विचारा.

तुमची,
विडी घरकुलातली एक आई