साठच्या रस्त्यावर

कॉर्क,
रविवार रात्र

प्रिय पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. शेवटचं ते हसणंसुद्धा ऐकलं. "एवढं आयर्लंडला जाऊन साठनं गाडी चालवायची, तर मग दहिवडी-म्हसवड रोड काय वाईट होता?" व्हॉट्सॅपवर उत्तर दिलं असतं तर तू एक अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून बसून लिहितोय. शिवाय तुझं यायचं खरंच ठरत असेल तर हे सगळं तुला आधी माहीत असलेलं बरं.

आधी त्या साठचं. इथं रस्त्यांच्या जाती आहेत. एम म्हणजे मोटरवे, तिथं मर्यादा ताशी १२० किलोमीटर. एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, तिथं साधारण १००. आर म्हणजे प्रादेशिक, ८०. आणि सगळ्यात खाली एल, म्हणजे लोकल. शेतांच्या बांधावरून एकेका घराला गाठत जाणारा. या एल रस्त्यांनाही कायद्यानं ८०च होतं. ७ फेब्रुवारी २०२५ पासून ते ६० केलं. तुला हा अन्याय वाटतोय, पण ते रस्ते एकदा बघ. दोन्ही अंगाला दगडमातीचा बांध, त्यावर डोक्याएवढी झुडपं. समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांपैकी एकानं मागं हटायचं. आणि मधोमध गवत. डांबरी रस्त्याच्या मधोमध, पक्या, हिरवंगार गवत! असल्या बोळाच्या तोंडाशी सरकारची ८०ची पाटी उभी असायची. पुढं काही ठिकाणी आकडा काढून पांढऱ्या गोलात नुसत्या काळ्या तिरक्या रेषांची पाटी लावली. अर्थ तोच, फक्त आकडा बघून कुणाला चेव येऊ नये. आता ती पाटी दिसली की ६० समजायचं.

माझ्या ओळखीचे इथले शेतकरी या बदलावर चिडून आहेत. डब्लिनमध्ये बसून ठरवतात म्हणे, आमच्या बोळातून ८०नं जात होतं कोण? खरं आहे, ते स्वतः जात नव्हतेच. पण मॅपनं दाखवलेला शॉर्टकट पकडून येणारा बाहेरचा माणूस जायचा. या देशात अपघातात जी माणसं मरतात त्यातली बहुतेक गावाकडच्या रस्त्यांवरच मरतात. मला विचारशील तर त्या बोळांना ६०सुद्धा जास्तच आहे. मी तिथं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीस-चाळीसनं जातो आणि त्यात कसलाही त्याग वगैरे नाही. वळणापलीकडं काय आहे ते दिसतच नाही. मेंढरं असतात, दूध काढायला चाललेल्या गायी असतात, कधी नुसतं शेण असतं. मधल्या ओल्या गवतावर चाक गेलं की मागचा टायर हळूच कंबर हलवतो. तेवढी एकच जाणीव पुरते.

गाडी म्हणशील तर रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन घेतलीय, ४११वाली. मद्रासची गाडी घेऊन इथं फिरतो म्हणून ऑफिसातले हसतात, पण या रस्त्यांना तीच बरोबर. एक्स्प्रेसवेवर तिचा जीव जातो, साठला मात्र मजेत असते. लायसनचं प्रकरण मी तुला अजून सांगितलेलं नाही, कारण तू गावभर करशील. पाहुणा म्हणून आलास तर आपलं लायसन चालतं; राहायला आलं की नाही, आणि भारतातलं लायसन बदलूनही देत नाहीत. मग शून्यापासून सुरुवात. लेखी परीक्षा, मग सोळा तासांचं सक्तीचं ट्रेनिंग, मग टेस्ट. टेस्ट पास होईपर्यंत अंगात पिवळं जाकीट आणि त्यावर छातीवर-पाठीवर मोठा 'एल'. कॉलेजपासून बुलेट हाणलेला माणूस मी, आणि वीस वर्षांचं पोरगं मला सांगतंय, काका, वळायच्या आधी खांद्यावरून मागं बघा. ते खांद्यावरून बघणं आता असं अंगवळणी पडलंय की सुट्टीत साताऱ्यात राजवाड्यापाशीही मी तसंच बघत होतो आणि मागचा रिक्षावाला मला शिव्या देत होता.

आता बेआरा. नकाशा काढ. आयर्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात समुद्रात पाच बोटं गेल्यासारखी दिसतील. सगळे पर्यटक वरून दुसऱ्या बोटावर, रिंग ऑफ केरी नावाच्या फेऱ्याला जातात. बसेसच्या रांगा लागतात. त्याच्या खालचं बोट बेआरा, तिथं आपण जायचं. पूर्ण फेरा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याला अख्खा दिवस लागतो. ग्लेनगॅरिफहून निघालं की उजवीकडं काहा डोंगर आणि डावीकडं बँट्रीची खाडी. इथल्या उन्हाळ्यात बांधाबांधांवर फ्यूशियाचं लाल फूल असं लटकलेलं असतं की हेल्मेटला घासून जातं. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, कुणीतरी बागेसाठी आणलं आणि इथल्या ओल्या हवेत ते रानभर झालं.

कॅसलटाउनबेअर हे मासेमारीचं बंदर. तिथं टाकी भरून घ्यायची, पुढं पंपाच्या भरवशावर राहायचं नाही. त्याच्याही पुढं ॲलिहीज. डोंगराच्या अंगावर तांब्याच्या जुन्या खाणी आहेत, इंजिनघराच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. खाणी बसल्या तशी इथली माणसं अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट नावाच्या गावी खाणीतच कामाला गेली. आपल्याकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले कसे एकामागोमाग एक जाऊन परमुलखात आपलीच वाडी वसवतात, तसलाच प्रकार. बेआराच्या अगदी टोकाला डर्सी बेट, तिथं जायला १९६९ पासून केबल कार आहे. एका वेळी सहा माणसं बसतात. पूर्वी त्यातून मेंढरंही जायची. मी गेलो तेव्हा वारा जोरात होता म्हणून बंद होती. पाटी वाचून परत फिरलो.

या टोकाच्या एल रस्त्यांवर एक गंमत बघायला मिळते. समोरून येणारा माणूस, मग तो ट्रॅक्टरवर असो की कारमध्ये, स्टिअरिंगवरचा हात न काढता फक्त तर्जनी वर करतो. रामराम घालायची ही इथली पद्धत. चेहऱ्यावर रेषही हलत नाही. मोटरसायकलवाल्यानं काय करायचं? डावा हात क्लचवर, उजवा ब्रेकवर. मी मान हलवतो. एकदा आयरीजजवळ एका म्हाताऱ्यानं क्वाड बाइक आडवी लावून कुत्र्याच्या मदतीनं मेंढरं पलीकडं काढली. मी इंजिन बंद करून उभा राहिलो. सगळी मेंढरं गेल्यावर माझ्याजवळ आला, गाडीची टाकी न्याहाळली आणि म्हणाला, हे तर इंग्लंडचं नाव. मी म्हटलं, आता आमचं आहे. त्यावर तो जो काही खूश झाला! इंग्रजांचं काही कुणी घेतलं की इथल्या माणसाला मनापासून आनंद होतो. मग वराडकर आठवला त्याला. लिओ वराडकरांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्यांचा मुलगा इथला पंतप्रधान झाला. म्हाताऱ्याचं मत त्यांच्याबद्दल फारसं चांगलं नव्हतं, पण माझ्यासाठी त्यानं ते सौम्य करून सांगितलं.

हीली पास मात्र मी तुझ्यासाठी राखून ठेवलाय. ॲड्रिगोलहून लॉरागला डोंगर ओलांडून जाणारा घाट. नंबर आर ५७४, म्हणजे कागदावर ८०. जाऊन दाखव म्हणावं. खालून बघितलं तर डोंगराच्या अंगावर रस्ता एकावर एक घड्या पडून चढलेला दिसतो. कठडे जवळजवळ नाहीतच, कडेला मेंढरं बसलेली, पाठीवर निळ्या-लाल रंगाचे फराटे. कुणाचं कुठलं ते रंगावरून ओळखायचं. घाटमाथ्यावर कॉर्क जिल्हा संपतो आणि केरी सुरू होतो. पलीकडं उतरताना खाली ग्लॅनमोर तळं दिसतं.

हा घाट १८४७ साली दुष्काळी काम म्हणून काढला. बटाट्यावर रोग पडला १८४५ मध्ये, आणि त्यानंतरच्या वर्षांत इथली दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. सरकार म्हणालं, फुकट धान्य दिलं तर लोक आळशी होतील, म्हणून दगड फोडा, रस्ता करा, मग चार पैसे. काही रस्ते कुठं जात नव्हते, कामासाठी काम. हीली पास अर्धवट राहिला आणि १९३१च्या सुमारास पुरा झाला. बँट्रीला जन्मलेल्या टिम हीली नावाच्या पुढाऱ्याचं नाव त्याला दिलंय.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझी आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात दहिवडीच्या पुढं खडी फोडायला जायची, आणि दुपारी मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणायची, ते ती सांगायची. आपण त्याच रस्त्यावरून शंभरनं बुलेट पळवायचो आणि ती ओट्यावरून ओरडायची, "मुडद्यांनो, हा रस्ता मी केलाय!" तेव्हा हसायचो आपण. हीली पासवर मी आपोआप हळू जातो, आणि त्याचं कारण पाटी नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला रचलेले दगड बघत जातो. बिनचुन्याचे, हातानं बसवलेले, अजून जागचे हललेले नाहीत. ८०नं गेलो असतो तर ते दिसले नसते एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तू जे हसलास ना, त्याला माझं उत्तर हेच.

असो, आता कामाचं. ये तर मेअखेरीला ये. रात्री दहापर्यंत उजेड असतो. जून सुरू झाला की सायलेजचे, म्हणजे मुरघासाचे ट्रॅक्टर निघतात, मोठ्या ट्रॉल्या घेऊन. त्यांच्या मागं अडकलास तर गुपचूप अडकून राहायचं, जागा मिळाली की तेच बाजूला घेतात. साताऱ्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घे. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची, त्यामुळं ती एक काळजी नाही. तुझ्यासाठी गाडी भाड्यानं घेऊ; डिपॉझिट ऐकून दचकशील, पण ते परत मिळतं. शेंगेन व्हिसा काढून बसू नकोस, आयर्लंड त्यात नाही, वेगळा लागतो. उत्तर आयर्लंडला डोकवायचं असेल तर ते युकेत मोडतं, म्हणून दोन्हीकडं चालणारा व्हिसा मिळतोय का ते अर्ज करतानाच बघ. तिकडं पाट्या मैलांत असतात. ६०ची पाटी बघून ६० किलोमीटरनं जाऊ नकोस, मागचे वैतागतील. तिथं ६० म्हणजे जवळजवळ ९७.

आणि इकडं आमच्या भागात कॅमेऱ्याच्या व्हॅन उभ्या असतात, मोठ्या रस्त्यांवर. पकडलं तर १६० युरो. गुणिले किती ते तूच कर. साहेबाला सांगून, ओळख काढून, चहा पाजून इथं काही होत नाही. पत्र घरी येतं, म्हणजे माझ्या घरी, आणि ते आधी ही उघडते.

रेनकोट चांगला घे. आपल्याकडचा नको, त्यात घामानंच भिजशील. बाकी गरम बनियन वगैरे वहिनी देतीलच. त्यांना आणि काकांना नमस्कार सांग. पिंट्याला म्हणावं, चारशे सीसीच्या गप्पा मारू नकोस, आधी बारावी कर.

तुझा,
बाळ्या

ता.क. कंदी पेढे आणू नकोस. दुधाचं आणि मांसाचं काहीही इकडं आणायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात आणि तुझ्यादेखत टाकतात. शेंगदाण्याची चटणी चालते. दोन किलो तरी आण, एकात भागत नाही.