पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, दुकानाचंही नाही, न विचारता लिहिणं बरं वाटत नाही. पण मंगळवारी भर दुपारी चार घामाघूम पोरं आणि त्यांची पितळी परात ज्यांनी दुकानात घेतली ते तुम्हीच, एवढं तुम्हाला कळेल. चार दिवस झालेत तरी कोणाला सांगायला गेलं की मला अजून भरून येतं, म्हणून लिहूनच टाकते.

आम्ही चौघं जे वाजवतो ते लोकांना समजावताना आमची कायम पंचाईत होते. परातीला खालून पिझो चिकटवलेला, बझरमध्ये असते ना ती चकती, ती परातीची थरथर पकडते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा डिले पेडलमधून, म्हणजे आवाज थोडा उशिरा परत ऐकवणाऱ्या डबीतून काढलेला. ४०१०६ नंबरच्या एका आयसीतून, म्हणजे चिपमधून, सहा ऑसिलेटर, म्हणजे सतत सूर काढणारी सहा सर्किटं. आणि एक आवाज मिसळायचा मिक्सर, ज्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटला परत दिलंय, त्यामुळे तो आपला आपण घुमतो, किंचाळतो, नॉब केसभर हलवला की वेगळंच काहीतरी बोलतो. दोन वर्षं दर शनिवारी आम्ही हे करतोय, जीव लावून करतोय.

आणि कार्यक्रमाच्या तोंडावर सगळ्यात हम, म्हणजे विजेची ती सततची घुमघुम, यायला लागला. ५० हर्ट्झ, आपल्या विजेचीच. आमचा तानपुरा पांढरी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात, तिथला खालचा सा ४९ हर्ट्झवर येतो, म्हणजे हा हम नेमका आमच्या साच्या शेजारी येऊन बसलेला, किंचित चढा. दोन सप्तकं वर तर साचे १९६ आणि हमचे २०० एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला चार वेळा ती थरथर ऐकू येते, सुराचा कान असलेल्या माणसाला दोन मिनिटंसुद्धा बसवत नाही तिथे.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही कुठे कुठे गेलो ते सांगायलाच हवं. एका सर्व्हिस सेंटरमध्ये मिक्सर न उघडताच सांगितलं की हे रिपेअर होत नाही, नवीन घ्या. एका हॉलवाल्यांनी तालमीची दहा मिनिटं ऐकली आणि संध्याकाळी मेसेज टाकला की आमच्याकडे फक्त संगीताचे कार्यक्रम होतात. (अहमदाबादला एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आला, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे स्टुडिओ उभा करून दिला, आपल्या माणसांनी त्यावर काम केलं, हे आजचं खूळ नाहीये, पण ऐकून घ्यायला कोण थांबतं.) आणि एक साउंडवाले, त्यांचा राग मला अजून आहे, ते म्हणाले प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाका, हम जाईल. आम्ही तोडली पण. वर आम्ही मन लावून वाजवत असताना त्यांनी मध्येच विचारलं, टेस्टिंग झालं का तुमचं?

तुम्ही तो तुटका प्लग हातात घेतलात आणि तुमचा चेहराच बदलला. "परातीला उघडे हात लावता ना? मग अर्थिंग कोणी तोडायला सांगितलं?" ओरडलात तुम्ही आमच्यावर, आणि खरं सांगते, त्या दोन आठवड्यांत आमची काळजी करणारं पहिलं माणूस तेव्हा भेटलं. आधी नवीन प्लग लावलात, मग बाकीचं बघितलंत. लॅपटॉप एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, दोघांचं अर्थिंग ऑडिओच्या वायरीतून गोल फिरतंय आणि त्यातूनच हम येतोय, हे तुम्ही पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलंत. मग जुन्या मोडेम कार्डांच्या ढिगातून दोन छोटे ट्रान्सफॉर्मर काढलेत, डबीत बसवलेत, म्हणजे आवाज पुढे जातो पण तो गोल तुटतो, आणि दीडशे रुपये घेतलेत. हम गेला. पूर्ण गेला.

पण मला आभार मानायचेत ते त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी.

तुम्ही म्हणालात, आता वाजवा बघू. आम्ही नुसता आवाज काढून दाखवणार होतो, तर तुम्ही उठून डोक्यावरचा फॅन बंद केलात. मे महिन्यातली दुपार, दुकानात पत्र्याची धग, आणि फॅनचा आवाज मध्ये येईल म्हणून तुम्ही तो बंद केलात आणि स्टुलावर बसलात. आम्ही अख्खा तुकडा वाजवला, बारा मिनिटांचा. मध्ये एक गिऱ्हाईक रिमोट घेऊन आलं, तुम्ही मान न वळवता हात वर केलात आणि म्हणालात, "थांबा जरा, वाजवतायत."

वाजवतायत. काका, दोन वर्षांत घरच्यांनीसुद्धा हा शब्द आमच्यासाठी वापरला नव्हता. खुडबुड करतायत, प्रयोग चाललाय, कसलेतरी आवाज काढतायत, सगळं ऐकलंय. तुम्हाला ते आवडलं का हे मला माहीत नाही, तुम्ही काही बोलला नाहीत, मी विचारलंही नाही. पण समोरचा जे जीव ओतून करतोय ते संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, एवढं तुम्ही पाळलंत, आणि ते गिऱ्हाईकही रिमोट हातात धरून गप्प उभं राहिलं. इतकी साधी गोष्ट आहे ही, पैसे लागत नाहीत, संगीत कळावं लागत नाही, तरी मोठमोठ्या हॉलवाल्यांना जमली नाही.

निघताना तुम्ही म्हणालात, परत कुठे वाजवणार असाल तर सांगा. म्हणून सांगतेय. पाऊस सुरू व्हायच्या आत कोथरूडला एका मित्राच्या हॉलमध्ये वाजवतोय, चाळीसेक माणसं बसतील एवढीच जागा आहे. तारीख पक्की झाली की मी स्वतः दुकानात येऊन सांगते. परातीच्या बाजूला पुढची खुर्ची तुमची, शेजारची काकूंची. डबी तीच वापरणार आहोत, तुम्ही बॉलपेनने वर "डावा" "उजवा" लिहिलंय ते अजून तसंच आहे.

तुमची,
परात वाजवणारी