आई गेल्यावर ज्यांनी सांभाळलं त्यांना

म्हापशातल्या ज्या लोकांनी आई गेल्यावर आम्हाला धरून ठेवलं त्यांचे आभार मानायचेत, निम्म्यांची नावंच माहीत नाहीत म्हणून इथे लिहितेय. रोज संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला न बोलावता येऊन बसलेल्या आंटी, पेजेचं पातेलं ठेवून न बोलता गेलेलं कोणीतरी, दफनभूमीत बाबांना खुर्ची आणून देणारा मुलगा, सगळ्यांचे खूप खूप आभार.

सगळ्यात जास्त त्या वयस्क अंकलचे. मी रडू दाबून उभी होते, वाटायचं की विश्वास आहे तर रडायचं कशाला, तर ते म्हणाले, बायबलात योहानाच्या 11 व्या अध्यायात बघ बाय, मेलेल्या लाजरला आपण परत उठवणार हे येशूला ठाऊक होतं तरी लाजरची बहीण मरिया रडताना बघून तो पण रडला. बस, एवढंच बोलले, आणि मी तिथेच ढसाढसा रडले. पुनरुत्थानाची आशा आहे म्हणून दुःख खोटं होत नाही हे मला कोणी इतकं सरळ सांगितलंच नव्हतं!

आणि शेजारच्या काकी, चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, आईच्या नावाने तेल तुम्ही घातलंत, तुम्ही हिंदू, पण इथे सायबीण सगळ्यांचीच ना.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कबरीवर आमच्या आधी फुलं ठेवणारे कोण होते तेही कळवा प्लीज. आणि निळ्या झाकणाचा डबा अजून आमच्याकडेच आहे, ज्यांचा असेल त्यांनी या, चहा घेऊनच जा.