पत्रिकेवरचे ‘रा.’

नेपरव्हिल,
दि. 13 ऑक्टोबर 2024

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

धाकट्याने मोबाइलवर पाठवलेले लग्नपत्रिकेचे प्रूफ मिळाले. मजकूर सुरेख जुळला आहे. फक्त बाबांच्या नावाखालच्या ‘रा. कोल्हापूर’ या दोन शब्दांपाशी रणांगण झालेले दिसते. बाबांनी निळ्या बॉलपेनने ‘कोल्हापूर’च्या आधी ‘शिवाजी पेठ’ घातले आहे, धाकट्याने पेन्सिलीने ते खोडून खाली ‘पाचगाव, ता. करवीर’ लिहिले आहे, आणि छापखान्यातल्या कुणीतरी समासात लाल शाईचे मोठे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. थोरला म्हणून तुम्ही निवाडा माझ्यावर सोपवलात आणि मी फोनवर तो टाळला, याचा बाबांना राग आला असणार. टाळण्याचे कारण फोनवर नीट सांगता आले नसते, म्हणून हे पत्र.

कारण असे, की मी स्वतःच या प्रश्नाची माणूस पाहून वेगवेगळी उत्तरे देतो. इथे नेपरव्हिलमध्ये कुणी विचारले तर आमच्या वसाहतीचे नाव सांगतो. शिकागोच्या आसपासच्या दुसऱ्या उपनगरातला माणूस भेटला तर नेपरव्हिल म्हणतो. आणि राज्याबाहेर गेलो की बेधडक ‘शिकागो’ असे सांगून मोकळा होतो. गेल्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी डेन्व्हरला गेलो होतो. तिथे जेवणाच्या टेबलावर सवयीने ‘मी शिकागोचा’ म्हणालो आणि समोर नेमका शिकागोच्या दक्षिण भागात जन्मलेला साठीचा गृहस्थ निघाला. त्याने आनंदाने कोणता भाग म्हणून विचारले. मी नेपरव्हिल म्हटल्यावर त्याने हातातला काटा बशीत ठेवला, शेजाऱ्याकडे पाहिले आणि तो हसून म्हणाला, “म्हणजे शिकागोचा नव्हे.” त्यात दुष्टावा नव्हता. पण पेठेत एखादा पाहुणा ‘मी पण कोल्हापूरचाच’ म्हणून उचगावचे नाव सांगतो, तेव्हा आपले काका ज्या नजरेने त्याच्याकडे बघतात, हुबेहूब तीच नजर मला त्या टेबलावर भेटली आणि भूक थोडी कमी झाली.

खरे तर माझ्याकडे उत्तर होते, पण ते खोलीवर परतल्यावर सुचले. आमचे गाव शिकागोपासून पन्नासेक किलोमीटरवर, पश्चिमेला आहे. जोसेफ नेपर नावाच्या माणसाने ते 1831 साली वसवले. शिकागो तेव्हा नदीच्या मुखाशी असलेली किरकोळ वस्ती होती. तिला गावाचा दर्जा 1833 साली मिळाला आणि शहराचा 1837 साली. म्हणजे शिकागोला गावाचा दर्जा मिळण्याआधीच वसलेले गाव आज त्या शहराच्या नावाने ओळख सांगते. 2020 च्या जनगणनेत शिकागो शहराची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांच्या आत भरली आणि सभोवतालचा सगळा महानगर पट्टा मोजला तर ती सुमारे 96 लाखांवर गेली. बाहेरगावी गेल्यावर ‘आम्ही शिकागोचे’ म्हणू शकणाऱ्या दहा जणांतले सात जण शहराच्या हद्दीत राहतच नाहीत. या सगळ्या पट्ट्याला ‘शिकागोलँड’ म्हणण्याची पद्धत इथल्या ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने 1926 पासून रुळवली. वर्तमानपत्राचा खप शहराच्या वेशीशी थांबत नव्हता, त्यामुळे नावालाही वेशीबाहेर काढणे त्यांना सोयीचे पडले असावे, असे माझे आपले अनुमान आहे. आपल्याकडे ‘करवीर’ हा शब्द ते काम करू शकला असता. पण तो आता अंबाबाईच्या माहात्म्यात आणि तहसील कचेरीच्या शिक्क्यावरच उरला आहे. ‘आम्ही करवीरकर’ असे कुणी एसटीत सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

बाबा, हद्दवाढीचा विषय निघाला की घरात चहा दोनदा होतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून इथली हकीकत तुम्हाला मुद्दाम सांगतो. शिकागोने 1889 साली एका दमात हाइड पार्क, लेक, लेक व्ह्यू अशा मोठमोठ्या शेजारवस्त्या पोटात घेतल्या, आणि त्यांतल्या बहुतेक लोकांनी मतदान करून स्वतःच होकार दिला होता, कारण पाणी आणि सांडपाण्याची सोय शहराकडे होती. पुढे उपनगरांना त्या सोयी आपापल्या करता येऊ लागल्या तसा हा उत्साह ओसरला. सर्वांत मासलेवाईक गोष्ट ऑस्टिनची आहे. ही वस्ती सिसरो नावाच्या मोठ्या ग्रामक्षेत्रात होती. 1899 साली त्या क्षेत्रातल्या इतर गावांनी मतदान करून ऑस्टिनला तिच्या मनाविरुद्ध शिकागोत ढकलून दिले. नको असलेला भाऊ शेजाऱ्याला दत्तक द्यावा, तसा हा प्रकार झाला. आमचे नेपरव्हिल मात्र आजही स्वतंत्र आहे, त्याचा महापौर वेगळा आहे आणि कर वेगळे आहेत. पण 1992 पासून नळाला येते ते मिशिगन सरोवराचे पाणी शिकागोकडूनच विकत घेतलेले असते. नाव शिकागोचे, पाणी शिकागोचे, कर मात्र शिकागोला द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

हे लिहिताना मला पाचगावची ग्रामसभा दिसू लागली. कोल्हापूरची महानगरपालिका 1972 साली झाली आणि मी 2018 मध्ये घर सोडून निघालो तोवर तिची 66.82 चौरस किलोमीटरची हद्द जागची हललेली नव्हती. हद्दवाढीऐवजी 2017 साली 42 गावांचे विकास प्राधिकरण आले आणि वाद नव्या नावाने चालू राहिला. घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील म्हणून आपल्या कॉलनीतली जी मंडळी हद्दवाढीच्या विरोधात तावातावाने बोलत, तीच पुण्याला मुलाच्या प्रवेशासाठी गेली की ‘आम्ही कोल्हापूरकर’ म्हणून छाती पुढे काढत. मला तेव्हा हा दुटप्पीपणा वाटे. आता वाटत नाही, कारण स्वतः तेच करतो. शहराचे नाव वापरण्यावर कुणी फाळा लावलेला नाही आणि नाव काही नगरपालिकेने तयार केलेले नाही. शिवाय शहर स्वतःही याबाबत फार सोवळे असते असे नाही. शिकागोने 1956 साली ओहेर विमानतळ आपल्या हद्दीत घेण्यासाठी रस्त्याच्या कडेने जमिनीची एक अरुंद पट्टी जोडून घेतली. नकाशावर ती गाडग्याला बांधलेल्या दोरीसारखी दिसते. आपण तेवढेही कष्ट घेतले नाहीत. 1939 सालचा आपला विमानतळ उजळाईवाडीत, औद्योगिक वसाहती शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात, आणि नाव सगळ्यांवर कोल्हापूरचे!

त्या डेन्व्हरच्या गृहस्थाशी नंतर माझी बरी मैत्री झाली. त्याने सांगितले, की त्याच्या लहानपणी दक्षिण भागातल्या आयरिश घरांत ‘तू कुठला’ असे विचारले तर कुणी रस्त्याचे नाव सांगत नसे, आपल्या चर्चचे नाव सांगत असे. तेवढ्यावरून समोरच्याला गल्ली, शाळा आणि बापाचा धंदासुद्धा समजे. मी त्याला शाहू स्टेडियमची गोष्ट सांगितली, आणि आपल्याकडे फुटबॉलचे संघ पेठांतल्या तालमींचे असतात हेही सांगितले. बाबा, आपण 1995 मध्ये पाचगावात राहायला आलो, तरी फुटबॉलच्या हंगामात तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभे करून सामन्याला न्यायचात. गॅलरीत शेंगा खाता खाता कुणी म्हातारा विचारी, “काय रे पोरा, तालीम कंची?” तुमच्याकडे न बघता मी ‘शिवाजी’ असे सांगायचो आणि म्हातारा, तो आपल्यातला असला तर, मूठभर शेंगा माझ्या हातावर ओतायचा. पाचगाव म्हटले असते तर शेंगा मिळाल्या नसत्या. तुमची निळ्या पेनाची दुरुस्ती पाहिली तेव्हा प्रथम त्या शेंगाच आठवल्या, आणि तुमच्या बाजूने निकाल द्यावा असे क्षणभर मनात येऊन गेले.

पण मग आणखी एक गोष्ट आठवली, जी मी घरी कधी सांगितलेली नाही. अकरावीत माझ्या बाकावर वडणग्याचा एक मुलगा बसत असे. तो रोज शिवाजी पुलावरून सायकल मारत यायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने कुणाला तरी ‘मी कोल्हापूरचा’ असे सांगितलेले ऐकून मी चारचौघांत म्हणालो, “नदीपलीकडचा तू, कोल्हापूरचा कसा?” पोरे हसली. तो चिडला नाही. त्याने मला राहायला कुठे म्हणून विचारले आणि मी पाचगाव म्हटल्यावर शांतपणे म्हणाला, “माझ्या गावाला नाव हाय, देऊळ हाय, म्हाईची जत्रा हाय. तू प्लॉट नंबर 28 चा.” त्या वर्षभर वर्गात माझे नाव ‘अठ्ठावीस’ पडले होते. तुम्हाला वाटायचे की ते माझे कशातले तरी गुण आहेत.

त्या मुलाचे बोलणे मला आज अधिक खरे वाटते. उपनगरात राहणाऱ्याची अडचण शहरापासूनच्या अंतराची नसते. त्याच्या पायाखालच्या जागेला स्वतःची गोष्ट नसते, निदान पहिल्या पिढीपुरती नसते, म्हणून तो शेजारच्या मोठ्या गोष्टीत नाव घालून घेतो. पाचगावच्या गावठाणातली माणसे पूर्वी आपल्याला ‘प्लॉटवाले’च म्हणायची, आठवते ना? आपण त्यांच्या गावात राहत होतो, पण त्यांच्या गावचे नव्हतो, आणि पेठेत सणाला गेलो की तिथे ‘लांब गेलेले’ ठरत होतो. धाकट्याचे तसे नाही. तो तिथेच जन्मला, तिथल्या प्राथमिक शाळेत शिकला, उन्हाळ्यात टँकर आला की गावठाणातल्या पोरांबरोबर घागरी लावून रांगेत उभा राहिला. जरगनगर संपून पाचगाव नेमके कोणत्या खांबापाशी सुरू होते हे त्याला डोळे मिटून सांगता येते. त्याने ‘पाचगाव’ लिहिले ते तुम्हाला कमीपणा आणण्यासाठी नव्हे. आपल्या घरात ज्याला ते नाव मनापासून घेता येते, असा तो पहिलाच माणूस आहे.

आईचे म्हणणे मी विसरलेलो नाही. ‘तुम्ही बाप-लेक भांडताय, पण मी कुठली ते कुणी विचारलं का?’ हे तिचे वाक्य धाकट्याने हसत हसत सांगितले, मला मात्र हसू आले नाही. आपल्याकडे बाईला निदान दोन प्रश्न विचारतात, माहेर कुठले आणि दिले कुठे. इथे सर्वांना मिळून एकच प्रश्न असतो आणि त्या एकाच उत्तरात जन्म, घर, नोकरी असे सगळे कोंबावे लागते, म्हणून माणसे जवळचे मोठे शहर सांगून सुटका करून घेतात. आपल्या भाषेत ‘गाव कुठले’ आणि ‘राहायला कुठे’ हे वेगळे प्रश्न आहेत, आणि पत्रिकेच्या रीतीतही त्यांना वेगळ्या जागा आहेत.

तेव्हा माझे मत असे. ‘रा.’ म्हणजे राहणार, त्यापुढे जिथे दार उघडते तेच गाव लिहावे: ‘रा. पाचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर’. त्यात कोल्हापूरही येते. आजोबांच्या नावाच्या ओळीत ‘शिवाजी पेठ, कोल्हापूर’ ठेवावे. ते शेवटपर्यंत तिथेच राहिले आणि काकांनाही मग बोलायला जागा राहणार नाही. आईच्या नावापुढे ‘माहेर गडहिंग्लज’ असे छापण्याची रीत नाही हे खरे, पण मामांच्या नावाने आहेराची ओळ आहेच, तिथे गाव ठळक टाइपात घालायला छापखान्याला सांगावे. निपाणीच्या व्याह्यांनी नुसते ‘निपाणी’ लिहून विषय संपवला, हे पाहून मला त्यांचा हेवा वाटला.

आता एक माझी गोष्ट. निमंत्रकांच्या यादीत माझ्या नावापुढे कंसात ‘शिकागो, अमेरिका’ छापले आहे. वरचे सगळे लिहिल्यावर ते तसेच ठेवायला सांगणे शोभत नाही. मी शिकागोत एक दिवसही राहिलेलो नाही; आठवड्यातून तीनदा सकाळच्या लोकलने जातो आणि दिवेलागणीला परत येतो. पण ‘नेपरव्हिल’ छापले तर पेठेतला प्रत्येक जण मांडवात धाकट्याला गाठून ते कुठे आले म्हणून विचारणार, आणि तो ‘शिकागोजवळ’ म्हणून सांगणार. मी कालपासून ते दोन शब्द खोडायचे ठरवतो आहे, अजून खोडलेले नाहीत. बाबांनीच काय ते ठरवावे, निळ्या पेनानेच.

दुसरे प्रूफ छापायला जाण्यापूर्वी मला पाठवावे. माझे तिकीट 4 डिसेंबरचे आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने येईन. आईने सांगितलेली पितळी समई इथल्या एका मराठी कुटुंबाकडे सापडली, ती घेऊन येतो. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
थोरला