आराधनेच्या तासात थोडं गप्प पण बसू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं, त्यात त्यांनी लिहिलंय की वसईतले कॅथलिक लोक सणाच्या आधी रात्र रात्र जागून 'पावाच्या चकतीसमोर' बसतात, तेच तास हॉस्पिटलात पेशंटजवळ बसले असते तर काही उपयोग झाला असता. ते वाचून आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर जे काय सुरू झालं ते विचारू नका, एकाने तर पेपर बंद करायची भाषा केली. मी पेपर बंद करणार नाहीये, कोडं सोडवायला लागतं मला. आणि खरं सांगू का, त्या गृहस्थांपेक्षा माझी तक्रार आमच्याच लोकांबद्दल जास्त आहे, पण आधी त्यांचं बघतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादर भाकर आणि द्राक्षारस हातात घेऊन येशूचे शेवटच्या भोजनाचे शब्द उच्चारतात, तिथून पुढे ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर ही आमची श्रद्धा. खूण नाही, आठवण नाही, तो स्वतः. आता हे कुणाला पटो न पटो, पण आम्ही गुडघे का टेकतो ते याच्याशिवाय कळणार नाही. मिस्सानंतर उरलेलं ख्रिस्तशरीर टॅबर्नॅकलमध्ये ठेवतात, वेदीच्या मागे नाहीतर बाजूला ती कुलूपवाली छोटी पेटी असते ना ती, आणि जवळ एक दिवा रात्रंदिवस जळत असतो. आणि मुळात हे ठेवायला का लागले, तर आजारी माणसाला, मरणाला टेकलेल्या माणसाला कुठल्याही वेळी नेऊन देता यावं म्हणून. म्हणजे पत्रलेखक ज्या आजाऱ्यांची आठवण करून देतायत त्यांच्यासाठीच ते पहिल्यांदा जपून ठेवलं गेलं, त्याच्यासमोर बसून प्रार्थना करणं, ज्याला आम्ही आराधना म्हणतो, ते नंतर वाढत गेलं. १२६४ साली पोप उर्बान चौथे यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चसाठी लावून दिला, सोळाव्या शतकात मिलान शहरात चाळीस तासांची आराधना सुरू झाली, ख्रिस्त कबरीत जेवढा वेळ होता म्हणतात तेवढे तास. आमच्याकडे सणाआधी चोवीस तास बसतात ते त्याचंच धाकटं भावंड समजा.

आणि सेवेचं म्हणाल तर १९६४ ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी मुंबईत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकेरिस्टिक काँग्रेस, म्हणजे याच ख्रिस्तशरीराच्या सन्मानासाठी कॅथलिकांचा मोठा मेळावा, भरली होती, डिसेंबरच्या सुरुवातीला पोप पॉल सहावे स्वतः आले, भारतात पाय ठेवणारे पहिले पोप. माझे बाबा तेव्हा विशीतले, गावातल्या पोरांबरोबर गाडीने गेले होते, पोप दिसले का विचारलं की आयुष्यभर एकच उत्तर, "टोपी दिसली." तर या पोपनी परत जाताना त्यांना वापरायला दिलेली पांढरी मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी तिच्यात एकदाही न बसता तिची लॉटरी काढली, आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला. मोठा सोहळा साक्रामेंताचा, म्हणजे त्या ख्रिस्तशरीराचा, आणि गाडी गेली कुष्ठरोग्यांकडे. त्याच मदरच्या सिस्टर्स १९७३ पासून रोज एक तास आराधनेला बसतात, रस्त्यावरच्या माणसाला उचलून आणायचं काम असताना. त्यांना वेळ फुकट गेला असं वाटत नसेल बहुतेक. असो, त्या गृहस्थांना एवढंच.

आता आमच्या घरातलं. आमच्या चर्चचं नाव लिहीत नाही कारण फादर चांगले आहेत आणि मला रविवारी त्यांच्यासमोर जायचंय.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी मिस्सानंतर आमच्याकडे आराधना असते. फादर ते सोनेरी पात्र वेदीवर ठेवतात, मॉन्स्ट्रन्स, सूर्यासारखी किरणं आणि मधे काचेच्या आत ती पांढरी गोल भाकर, बिनखमिराची, फक्त गव्हाची. धूप घालतात. सगळे गुडघ्यावर. इथपर्यंत सगळं बरोबर. त्यानंतर जो माईक सुरू होतो तो पाऊण तास बंद होत नाही. आधी गाणं, मग एक जण कागदावरची प्रार्थना वाचणार, मग परत गाणं, मग दुसरा जण मोबाईलवरून वाचणार आणि मधेच त्याला फोन येणार, मग विनंत्या, जगासाठी देशासाठी पावसासाठी दहावीच्या मुलांसाठी, मग एक जण डोळे मिटून स्वतःच्या मनाने प्रार्थना करणार, ती लांबत लांबत प्रवचनच होतं. आणि या सगळ्याच्या खाली तो कीबोर्ड! पोरगा चांगला वाजवतो हो, पण कुणी बोलत असेल तरी त्याची बोटं चालूच, टीव्ही सिरियलमध्ये सासू रडायला लागली की वाजतं तसं. गेल्या महिन्यात मी मुद्दाम घड्याळ लावलं (पाप असेल तर कन्फेशनला सांगेन). "आता आपण शांत राहून प्रभूशी बोलूया" असं माईकवरून सांगितल्यापासून पुढचं गाणं सुरू होईपर्यंत किती वेळ गेला असेल? चाळीस सेकंद. चाळीस सेकंदात मी माझ्या मागण्यांच्या यादीत अजून बायकोच्या गुडघ्यांपर्यंत पण आलो नव्हतो.

तरुणांना शांत बसवत नाही, काहीतरी चालू ठेवावं लागतं, असं मला पॅरिश कौन्सिलमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समितीतल्या, एकाने समजावलं. अरे बाबा, मग त्या कार्लो अकुतिसचं पोस्टर कशाला लावलंय भिंतीवर. १५ व्या वर्षी २००६ साली ल्युकेमियाने गेला, जीन्स आणि शूज घालणारं पोरगं, कॉम्प्युटरवर बसून साक्रामेंताच्या चमत्कारांचं प्रदर्शन तयार केलं, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये संत झाला, आणि तो मिस्साच्या आधी नाहीतर नंतर साक्रामेंतासमोर बसायचा. त्याच्यासाठी कुणी बँड लावला नव्हता. आमच्या पोरांनाही जमेल, त्यांना कुणी एकदा बसू तर द्या.

गाण्याला माझा विरोध नाहीये, गैरसमज नको. आराधनेच्या शेवटी आशीर्वादाच्या आधी गाणं झालंच पाहिजे, 'तांतुम एर्गो' लॅटिनमध्ये सुरू झालं की माझ्या अंगावर अजून काटा येतो, आजीला त्यातला एक शब्द कळायचा नाही पण चाल कधी चुकली नाही. नियमात पण वाचन आहे, गाणी आहेत, प्रार्थना आहेत आणि त्याच यादीत मौन पण आहे, १९७३ साली रोमहून जो विधी आला त्यात लिहिलेलं आहे. आपण नेमकं तेवढंच गाळतो.

गेल्या सणाच्या आधीची रात्र सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. चोवीस तासांचा तक्ता लागला होता, प्रत्येक आळीला एक तास, कारण मॉन्स्ट्रन्स वेदीवर असताना चर्च एक मिनिटही रिकामं ठेवायचं नाही असा नियम. रात्री तीन ते चार कुणालाच नको असतो तो आमच्या आळीवर आला. आळीतली तीस घरं, आलो आम्ही चौघं, त्यातला एक झोपला. माईक बंद, कीबोर्डवर कव्हर, पंखे पण दोनच चालू. साडेतीनच्या सुमारास मागच्या दाराने एक मावशी आल्या, आमच्या आळीतल्या नाहीत, लाल लुगडं, डोक्यावर सोनचाफ्याची पाटी. पाटी पोर्चमध्ये उतरवून ठेवली, चपला काढल्या, आत येऊन दोन्ही गुडघे टेकले आणि मग बाकावर बसल्याच नाहीत, खाली लादीवर बसल्या, खांबाला टेकून. हातात जपमाळ पण नव्हती. नुसत्या बघत होत्या. ओठ हलत नव्हते. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, उठल्या, परत गुडघे टेकले, जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाडी हाय." पहिल्या लोकलने दादरला फुलं घेऊन जायचं होतं. त्या गेल्या तरी पोर्चमधून चाफ्याचा वास आत येत होता आणि तेवढ्या वेळात मला पहिल्यांदा, किती वर्षांनी काय माहीत, मागायला काही सुचलं नाही.

पहाटे चार वाजता पुढची आळी आली. आल्या आल्या माईक चेक, "हॅलो, हॅलो, वन टू."

म्हणून फादरांना आणि सगळ्याच पॅरिशना तुमच्या पेपरमधून विनंती करतोय, समोरासमोर बोललो की विषय चहावर जातो. आराधनेच्या तासात वीस मिनिटं कुणी काही वाजवू नका, बोलू नका, सुरुवातीला लोक खोकतील, घड्याळ बघतील, बघू देत. वेदीजवळ जाऊन मोबाईलने शूटिंग करणाऱ्यांना कुणीतरी हळूच मागे घ्या, लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवरच्या आराधनेसमोर मी पण हॉलमध्ये गुडघे टेकले होते, तेव्हा तेवढंच हातात होतं, आता चर्च उघडं आहे.

उघडं म्हणजे, सकाळच्या मिस्सानंतर दहाला कुलूप लागतं आणि संध्याकाळी मिस्साच्या पाच मिनिटं आधी निघतं. चोरीची भीती आहे, मान्य आहे, दानपेटी फोडल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात येतात. पण चर्चच्या कायद्यात ९३७ नंबरचा नियम आहे की जिथे साक्रामेंत ठेवलंय ते चर्च रोज निदान काही तास तरी लोकांना प्रार्थनेसाठी उघडं पाहिजे, मोठं कारण असेल तरच बंद. पहिल्या शुक्रवारी साडेसहाला आराधना, त्या वेळी आमच्यासारखे निम्मे लोक दादर नाहीतर अंधेरीला विरार फास्टच्या दाराला लटकलेले असतात. स्टेशनवर उतरून घरी जाताना रात्री साडेआठ-नऊला बाजूचं एक दार उघडं मिळालं तर दहा मिनिटं बसता येईल, मॉन्स्ट्रन्स नको, धूप नको, टॅबर्नॅकलजवळचा तो लाल दिवा आहे तेवढा पुरे. आळीआळीने पाळी लावली तर राखणही होईल. आणि फादरांना वेळ नसतो हे कारण देऊ नका, फादर किंवा डीकन (फादरांच्या खालच्या पायरीचे दीक्षा घेतलेले सेवक) नसतील तेव्हा बिशपांच्या नियमाप्रमाणे नेमलेल्या सेवकाला मॉन्स्ट्रन्स वेदीवर ठेवता येतं आणि परत आतही नेता येतं, फक्त आशीर्वाद देता येत नाही. आमच्याकडे असे सेवक आहेत, ते रविवारी कम्युनियन, म्हणजे ते ख्रिस्तशरीर, वाटतात आणि आजाऱ्यांच्या घरी घेऊन जातात. तुमच्या त्या पत्रलेखकांनी एकदा त्यांच्यापैकी कुणाबरोबर एखाद्या आजाऱ्याच्या घरी जाऊन यावं, मी ओळख करून देतो.

या वर्षीच्या सणाचा तक्ता पुढच्या रविवारी लागेल. तीन ते चारच्या चौकोनात आमच्या आळीचं नाव मी स्वतः लिहायला सांगितलंय, लोक शिव्या घालतायत. त्या तासाला कीबोर्डचं कव्हर काढू नका, आणि मागचं दार उघडं ठेवा, मावशी तिकडूनच येतात.

आपला,
एक वाचक, वसई